राजानंद ड्रायव्हरचा कॉम्प्युटर

पाय गेलेल्या माणसानं पुढं काय करायचं, हे शहागडात राजानंद सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. मेव्हणा रामकिसन म्हणाला, पानटपरी टाका, हायवेवर गिऱ्हाइकाला तोटा न्हाई. शेजारचे म्हणाले, पिठाची गिरणी बरी, बसल्या जागी काम होतं. नात्यातल्या एका म्हाताऱ्यानं तर सांगितलं की आता रोज विहारात येऊन बसत जा, मनाला शांती लागते. राजानंद खाटेवर उशीला टेकून सगळ्यांचं ऐकून घ्यायचा, चहा पाजायचा आणि माणूस उठून गेला की बायकोला म्हणायचा, "मपल्या पायाचं मलाच कमी कळतंय म्हणजे."

चोवीस वर्षं त्यानं ट्रक चालवला होता. जालन्याच्या एमआयडीसीतून सळई भरायची आणि हैदराबाद, विजयवाडा, रायपूर, मालक पाठवील तिकडं न्यायची. सळईची गाडी म्हणजे पाठीमागं भाले घेऊन पळणं. जरा जोरात ब्रेक मारला की माल सरकून केबिनीत घुसायला बघतो. राजानंदच्या गाडीतली सळई चोवीस वर्षांत एकदाही केबिनीला टेकली नव्हती. हे तो स्वतः कधी सांगत नसे. दुसऱ्या कुणी सांगितलं तर खोडूनही काढत नसे.

दोन वर्षांमागं तेलंगणात, निर्मल गावाच्या पुढं, मागचं टायर बसलं. त्यानं गाडी कडेला घेतली, मागं दगड मांडले, वर झाडाची फांदी ठेवली आणि जॅक लावायला खाली बसला. दिवसाढवळ्या एक कार आली आणि दगड, फांदी, राजानंद सगळं उडवून गेली. तिचा खटला अजून चालू आहे. डावा पाय मात्र तिसऱ्या दिवशीच गुडघ्याखालून काढावा लागला.

डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. मोटरसायकलचा गिअरही त्याच पायानं पडतो. दवाखान्यातून घरी आल्यावर राजानंदनं पहिल्यांदा आपली दारातली मोटरसायकल पाहिली आणि दुसऱ्यांदा पाहायचं टाळलं.

खेळाचं वेड त्याला दवाखान्यातच लागलं होतं. शेजारच्या खाटेवर हात मोडलेला एक कॉलेजातला तरुण होता. तो दिवसभर मोबाईलवर कुणाचे तरी गेमचे व्हिडिओ बघायचा. एकदा त्यानं मोबाईल राजानंदपुढं धरला, "काका, हे बघा, तुमची लाईन." पडद्यावर एक ट्रक होता. खराखुरा वाटावा असा डॅशबोर्ड, आरसे, वायपर, समोर घाटाचा रस्ता. खेळणाऱ्यानं चढाच्या वळणावर चौथ्याचा सहावा गिअर टाकला आणि ट्रक गचके खाऊन बंद पडला. राजानंद इतक्या जोरात हसला की नर्स बघायला आली. पाय गेल्यापास्नं तो पहिल्यांदा हसला होता. "अरे, चढावर असा गिअर टाकत असतात व्हय? गाडीची माती केली त्यानं!"

घरी आल्यावर तो तेच व्हिडिओ शोधून बघायला लागला. आधी ट्रकचे. मंग तो ट्रक ज्याच्यावर चालतो त्या कॉम्प्युटरचे. हिंदीतून सांगणारे पुष्कळजण होते: कमी पैशात गेमिंगचा कॉम्प्युटर कसा जोडायचा, कुठला पार्ट नवा घ्यायचा, कुठला जुना चालतो. राजानंदला गंमत वाटली. माणसं अगदी ट्रकच्या गॅरेजात बोलतात तशी बोलत होती.

मुलगी ज्योत्स्ना अंबडच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. एका संध्याकाळी त्यानं तिला विचारलं, "ज्योती, या खेळात क्लच पण असतो का गं?"

"असतो ना पप्पा. स्टेअरिंग मिळतं, तीन पायडल मिळतात, गिअरचा दांडा पण मिळतो. सगळं कॉम्प्युटरला जोडायचं."

दोन दिवस राजानंद त्या पायडलांचेच व्हिडिओ बघत राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं मोटरसायकल विकून टाकली. बेचाळीस हजार आले.

बायकोला, गिरिजाबाईला, ते कळलं ते गल्लीतून. ब्लाऊज शिवून घ्यायला आलेल्या एका बाईनं विचारलं, "गाडी विकली म्हणं तुमच्या मालकानं?" गिरिजाबाईनं ब्लाऊजाची शिलाई पुरी केली, दोरा तोडला आणि मंगच आत गेली.

"विकली?"

"विकली."

"कशासाठी?"

त्यानं सांगितलं. गिरिजाबाई खाली बसली. "खेळायला?" तिनं विचारलं. "बेचाळीस हजाराचं खेळणं? पोरीचं शिक्षण चालू आहे, माझी शिलाई मशीन दोन वर्षं झाली कुरकुरती आहे, आन् तुमी खेळणार?"

"व्हय. खेळणार." राजानंदनं मान वर केली. "गिरजे, चोवीस वर्षं मी सळई वाहिली. माझ्या जिवासाठी मी काय आणलं, सांग. एक वस्तू सांग. तीच मोटरसायकल तेवढी होती, ती माझ्या कामाची राह्यली न्हाई. तिच्या बदल्यात दुसरी गाडी घेऊन राह्यलो. पोरीच्या पैशाला मी हात लावला न्हाई, लावणार बी न्हाई."

"मला पैशाचं दुखलं न्हाई," गिरिजाबाई म्हणाली. "तुमी मला इचारलं न्हाई. लोक मला दारात येऊन सांगतात. पाय तुमचा गेला, पण सहा महिने भांडं कुणी धरलं? मला इचारायला काय झाल्तं?"

"चुकलो," राजानंद म्हणाला. चोवीस वर्षांच्या संसारात हा शब्द त्याच्या तोंडून किती वेळा निघाला होता, हे गिरिजाबाईला बोटांवर सांगता आलं असतं. ती उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "मंग आता मला दाखवा, काय काय घेणार. मी बघितल्याशिवाय एक रुपया बी जाणार न्हाई."

रामकिसन दुसऱ्याच दिवशी आला. टपरीसाठी त्यानं जागा बघून ठेवली होती, पत्र्याचं मोजमापही काढलं होतं. ही बातमी ऐकून तो उभ्या उभ्याच बोलायला लागला. "दाजी, लोक काय म्हणतील? सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या घरात बसून गेम खेळून राह्यला म्हणतील."

"म्हणू दे. मी ट्रक चालवत होतो तवा लोक म्हणायचे, ड्रायव्हर म्हणजे दारुडा. मी थेंब घेतला न्हाई तरी म्हणतच होते. लोकांचं तोंड काय माझ्या पायावर आहे, की पाय गेला म्हणून बंद होईल?"

"आन् टपरी?"

"ती तू टाक. तुला दोन पाय आहेत."

रामकिसन रागानं चहा न घेता गेला.

मंग सुरू झाली पार्टांची निवड. राजानंदनं जुन्या कॅलेंडरची पानं घेतली आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसला. इंग्रजी नावं ज्योत्स्ना वाचून दाखवायची, तो आपल्या भाषेत लिहून घ्यायचा. प्रोसेसर म्हणजे इंजिन. मदरबोर्ड म्हणजे चासी, सगळं तिच्यावर बसतं. ग्राफिक्स कार्ड पडद्यावरचं चित्र काढतं, ते सगळ्यात महाग, त्याच्यापुढं त्यानं लिहिलं, "हेच खरं पैसा खातं." रॅम, हार्ड डिस्कच्या जागी बसणारी एसएसडी, हवा खेळवणारे पंखे. आणि सगळ्यांना वीज वाटून देणारा डबा, एसएमपीएस.

"पप्पा, सगळे म्हणतात एसएमपीएसमधी वाचवा. साधा बाराशेत येतो," ज्योत्स्ना म्हणाली.

"सगळे म्हणजे कोण?"

"आमच्या वर्गातले."

"त्यांनी कधी डिझेल पंप बिघडलेली गाडी ओढत आणली आहे का? इंजिन लाखाचं असू दे, त्याला तेल बराबर पोचलं न्हाई तर ते भंगार. आपल्या शहागडात लाईट कशी येते तुला ठाऊक आहे. डबा नवाच घ्यायचा, आन् नावाचा घ्यायचा. बाकीचं जुनं चालंल."

रॅमच्या बाबतीतही त्यानं असाच हट्ट धरला. सोळा जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्यायच्या. व्हिडिओवाल्यांनी त्याचं कारण इंग्रजी शब्दांत सांगितलं होतं. राजानंदला ते पुरतं समजलं नव्हतं, पण पटलं लगेच. एका चाकावर भार टाकून गाडी चालत नाही, एवढं त्याला बस होतं.

गिरिजाबाई शिलाई करता करता यादी ऐकायची आणि मधेच विचारायची, "ही काचेची पेटी कशाला?"

"कॅबिनेट आहे ती. आतले लाईट दिसतात."

"लाईट बघायला की गाडी चालवायला?"

यादीतून काचेची पेटी गेली. जाळीची, साधी, काळी पेटी आली. उरलेल्या पैशात जरा मोठं कार्ड बसत होतं.

पहिली फेरी जालन्याला झाली. नवा बसवलेला कृत्रिम पाय घेऊन, हातात काठी धरून राजानंद एसटीनं गेला. बरोबर ज्योत्स्ना होती. दुकान चांगलं मोठं होतं. दारातच एक तयार कॉम्प्युटर मांडलेला, आत लाल-हिरवे-निळे दिवे फिरताहेत, वर पाटी, 'गेमिंग, फक्त एकोणचाळीस हजार'.

दुकानदारानं राजानंदकडं पाहिलं, काठीकडं पाहिलं आणि ज्योत्स्नाशी बोलायला सुरुवात केली. "भावासाठी घेताय का ताई?"

"माझ्यासाठी घेतोय," राजानंद म्हणाला. "याची बाजू उघडा जरा."

"काका, पॅक माल आहे. तुम्हाला त्यातलं काय कळणार? चालू करून दाखवतो की."

"चालू तर सगळंच असतं विकताना. गाडी घेताना बोनेट उघडतातच ना? उघडा."

नाइलाजानं त्यानं काच काढली. राजानंद वाकला. काठी ज्योत्स्नाकडं दिली, खिशातला चष्मा लावला आणि एकेक पार्टावर बोट ठेवत गेला. "ज्योती, हे वाच. आन् हे." तिनं वाचलं. त्यानं कॅलेंडरचं पान उघडलं. प्रोसेसर दहा वर्षांमागचा निघाला. कार्ड दोन जीबीचं. विजेच्या डब्यावर तर कुणाचं नावच नव्हतं, नुसतेच आकडे.

"शेठ," राजानंद सरळ उभा राहत म्हणाला, "हे इंजिन रिक्षाचं आहे. वर लायटिंग लग्नाच्या गाडीची आहे."

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, ती हसली. दुकानदार लाल झाला. "जाऊ द्या काका, तुमच्या बजेटमधी एवढंच बसतं. चांगलं पाहिजे तर लाख लागतात."

"लाख न्हाईत माझ्यापाशी. पण डोळे आहेत." एवढं बोलून त्यानं काठी घेतली आणि पायऱ्या उतरायला लागला. शेवटच्या पायरीवर नवा पाय अडखळला. ज्योत्स्नानं दंड धरला. तो तिला म्हणाला, "सोड. पडलो तर उठीन."

जालन्यात दुसरीकडं त्याला एसएमपीएस, रॅम, एसएसडी आणि पेटी मिळाली, चारी नवी. जुना प्रोसेसर आणि बोर्ड एका वास्तुविशारदाच्या ऑफिसातून आला, त्यांनी मशीन बदलली होती. बिलं होती, दोन वर्षं एसीत चाललेला माल होता. मॉनिटर एका कोचिंग क्लासातला. राहिलं कार्ड आणि स्टेअरिंग. ती दोन्ही संभाजीनगरच्या सुमित नावाच्या माणसाकडं असल्याचं ज्योत्स्नानं शोधून काढलं. सुमित इंजिनियर होता आणि घरीच जुने पार्ट घेऊन विकायचा.

या फेरीला गिरिजाबाई स्वतः निघाली. "कापड घेताना मी असते, तर यालाच का न्हाई?" ती म्हणाली.

सुमितनं कार्ड दाखवलं. दोन पंख्यांचं, चकचकीत. "साडेसात हजार. एकदम स्वच्छ आहे बघा."

राजानंदला ते आवडलं. तो हातात घेऊन फिरवत होता, तेवढ्यात गिरिजाबाई म्हणाली, "उलटी बाजू दाखवा."

"काय, काकू?"

"कापडाची लबाडी उलट्या बाजूला कळते. दाखवा."

सुमितनं कार्ड उलटं केलं. गिरिजाबाईनं ते खिडकीजवळ नेलं आणि सुईत दोरा ओवताना बघतात तसं डोळ्याजवळ धरलं. "ह्या चार स्क्रूची तोंडं झिजली आहेत. बाकीची चांगली आहेत. कुणीतरी खोललंय हे."

राजानंदनं आता पंखा बोटानं फिरवला आणि कान जवळ नेला. एक पंखा सरसर फिरला. दुसऱ्यातून बारीक खर्र आवाज आला. चाकाचं बेअरिंग जायला लागलं की हाच आवाज येतो, फक्त मोठा. "दादा," तो सुमितला म्हणाला, "हे कुठं चालत होतं?"

सुमित खरं बोलला. ते कार्ड वर्ष-दीड वर्ष दिवसरात्र ऑनलाईन आभासी पैसे कमवायच्या कामाला जुंपलं होतं, उघडून साफ केलं होतं. "चालतं मात्र. खोटं न्हाई बोलत."

"चालंल. पण घाटात सोडंल," राजानंद म्हणाला. "दुसरं काय आहे?"

सुमितनं कपाटातून दुसरं काढलं. एका पंख्याचं, दिसायला ओबडधोबड, वर ओरखडे. पण स्क्रूंवरची कंपनीची कागदी खूण शाबूत होती. राजानंदनं ते सुमितच्याच मशीनवर लावायला सांगितलं आणि अर्धा तास जड काम देऊन चालवायला लावलं. सुमित म्हणाला, पाच मिनिटं बस होतील काका. राजानंद म्हणाला, "मला घाई न्हाई. मला परतीची एसटी साडेपाचला आहे." अर्धा तास तो खुर्चीवर बसून पंख्याचा आवाज ऐकत राहिला. आवाज वाढला, स्थिरावला, पण फाटला नाही. पडद्यावरचा गरमीचा आकडा सत्तराच्या वर एक-दोनदा जाऊन खाली आला.

"हे घेतो. सहा देतो."

"साडेसहा, काका. खूप चांगलं कार्ड आहे."

गिरिजाबाई मधे पडली. "सहा. आन् त्या पहिल्या कार्डाचं गिऱ्हाईक आलं तर त्याला सांगा, खोललेलं आहे म्हणून. तुमची जबान चांगली आहे, ती खराब करू नका."

सुमित हसला आणि सहा घेतले. स्टेअरिंग, तीन पेडलं आणि गिअरचा दांडा अकरा हजाराला मिळाला. पोत्यात बांधून सगळं एसटीत चढवताना कंडक्टरनं विचारलं, "काय आहे?" राजानंद म्हणाला, "ट्रक."

जोडायचा दिवस रविवार ठरला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली गिरिजाबाईनं शिलाईचं जुनं टेबल पुसून ठेवलेलं. ज्योत्स्ना व्हिडिओ लावून पायरी-पायरीनं सांगत होती, राजानंद स्क्रू पिळत होता. गल्लीतली चार माणसं दारात उभी राहिली. रामकिसनही आला. राग होता, पण उत्सुकता रागापेक्षा मोठी होती.

दुपारी तीनला बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच राहिला.

एक मिनिट झालं. दोन झाली. रामकिसननं घसा खाकरला. "मी म्हणत होतो दाजी. बेचाळीस हजाराचा पंखा आणला."

दारातले हसले. ज्योत्स्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. राजानंदनं वायर काढली आणि खाटेवर टेकला. रस्त्यात गाडी बंद पडली की घाबरून सगळं एकदम खोलायचं नसतं. बॅटरीपासून सुरू करायचं आणि वाटेनं पुढं जायचं. त्यानं तसंच केलं. वीज येते का, येते. पंखे फिरतात, म्हणजे डबा ठीक. रॅम काढून पुन्हा दाबली, दोन्हीकडून टक आवाज आला. कार्ड बसलंय. मंग तो मागच्या बाजूला वळला, मॉनिटरच्या वायरवरून बोट फिरवत आला आणि थांबला.

"ज्योती, ही वायर कार्डात पाहिजे ना गं? ही तर वर बोर्डात लावलीय."

ज्योत्स्नानं जीभ चावली. वायर खाली लावली. बटण दाबलं. पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

राजानंदनं रामकिसनकडं पाहिलं. "चहा घे आता. त्या दिवशीचा बाकी आहे."

खरी लढाई त्याच्यानंतर सुरू झाली. क्लचचं पेडल हलकं होतं, आणि कृत्रिम पायाला हलकं-जड काही कळत नाही. पाय पेडलावरून घसरायचा. ट्रक गचके खाऊन बंद पडायचा, अगदी दवाखान्यात पाहिलेल्या त्या व्हिडिओतल्यासारखा. पहिल्या दिवशी चाळीस वेळा बंद पडला. ज्या माणसानं सळईला केबिन शिवू दिली नाही, त्याला खेळातल्या साध्या फाटकातून गाडी काढता येईना. दुसऱ्या दिवशी त्यानं दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी ज्योत्स्ना हळूच म्हणाली, "पप्पा, यात ऑटोमॅटिक पण करता येतं. क्लच लागत न्हाई. एक बटण दाबलं की झालं."

"क्लच सोडायचा असता तर मी टपरीच टाकली असती," तो म्हणाला, आणि आवाज चढल्याचं कळल्यावर पुन्हा सावकाश म्हणाला, "न्हाई बेटा. तो राहू दे."

हायवेवरच्या वेल्डिंगवाल्याकडून त्यानं पेडलाला कडेची पट्टी लावून घेतली, म्हणजे पाय घसरणार नाही. आतली स्प्रिंग कडक केली. आणि पाऊल विसरून तो मांडीनं दाबायला शिकला. पावलाला कळत नसलं तरी गुडघ्याला कळतं, मांडीला कळतं. तुटलेल्या जागेवर फोड आले, गिरिजाबाईनं मलम लावलं आणि शिव्याही दिल्या. तीन आठवडे गेले. एके सकाळी त्यानं पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि ट्रक लोण्यातून सुरी जावी तसा जागचा हलला. तो काही ओरडला नाही. घाट चढून, उतरून, माल पोचवूनच त्यानं हाक मारली, "गिरजे, ये बघायला."

ती आली. पुढं रस्ता होता, दोन्ही बाजूला ओळखीची नसलेली झाडं. "कुठं चालला?" तिनं विचारलं.

"कुठं का असंना. बस बाजूला." तिनं शिलाईचं स्टूल ओढलं. इतक्या वर्षांत ती त्याच्या खऱ्या ट्रकात एकदाच बसली होती, लग्नानंतर, शेजारच्या वडीगोद्रीपर्यंत. आता ती तासभर बसली, आणि रस्त्यात गाय आडवी आली नाही म्हणून तिला आश्चर्य वाटलं.

गावात बातमी पसरली. पोरं यायला लागली, हायवेवर थांबणारे जुने ड्रायव्हर यायला लागले. कुणाला कॉम्प्युटर घ्यायचा असला की राजानंदकडं यायचा. तो बजेट विचारायचा, काम विचारायचा आणि कॅलेंडरच्या पानावर यादी लिहून द्यायचा. खाली दरवेळी एकच ओळ असायची, 'विजेचा डबा नवा घेणे.'

हे पाहून रामकिसन एक दिवस नवा बेत घेऊन आला. "दाजी, मला पटलं. तुमचं डोकं चाललं. आता असं करू, तासाला तीस रुपये लावू. अजून दोन मशीन टाकू. टपरीपेक्षा जादा येईल. सगळ्यांना सांगायला बी बरं, धंदा आहे म्हणून."

राजानंदनं हातातलं कॅलेंडरचं पान बाजूला ठेवलं. "रामकिसन, तू माझ्या भल्याचं बोलतो, मला कळतं. यादी लिहून देतो, मशीन जोडून देतो, त्याचे पैसे मी घेतो, घेणारच. पण हे मशीन भाड्यानं जाणार न्हाई."

"का? त्यात लाज काय?"

"लाज न्हाई. पण गरिबाच्या घरातली प्रत्येक वस्तू कमावती पाहिजे, असं कुठं लिहिलंय? मोठ्या लोकांची पोरं खेळतात तवा त्यांना कुणी इचारतं का, यातून किती सुटले? मी खेळतो. माझी मर्जी. बस."

रामकिसन गिरिजाबाईकडं वळला. तिला वाटलं असतं तर ती दोन शब्द बोलली असती. तीस रुपये तास तिलाही ऐकू आले होते. पण ती म्हणाली, "त्यांचं आहे ते, दादा. मला इचारून आणलंय."

आता दुपारच्या वेळी राजानंद ऑनलाईन असतो. सात-आठ जण मिळून एकाच रस्त्यावर गाड्या घेऊन निघतात. एक लुधियान्याचा, एक कोइमतूरचा, दोघं इंदूरचे, सगळे पंचविशीच्या आतले. कानाला हेडफोन, बोलणं हिंदीतून. परवा सगळ्यांना एका कारखान्याच्या अरुंद फाटकातून ट्रेलर मागं घ्यायचा होता. इंदूरच्या एकानं खांब पाडला. दुसरा आडवा अडकला. लुधियान्याचा चार वेळा पुढं-मागं करून थकला. "अंकल, आप रहने दो, स्किप मार दो," कुणीतरी म्हणालं.

राजानंदनं आधी गाडी लांब पुढं नेली. डावा आरसा पाहिला, उजवा पाहिला. मंग स्टेअरिंग उलटं फिरवत, अर्ध्या क्लचवर, श्वास धरल्यासारखा ट्रेलर मागं सोडत गेला. खांबाला हातभर जागा राहिली, आणि एका दमात ट्रेलर फलाटाला लागला.

हेडफोनमधून कोइमतूरचा म्हणाला, "अंकल, आप असली में ड्रायव्हर थे क्या?"

"थे नहीं," राजानंद म्हणाला. "हूँ."

पुढचा माल भरून निघताना त्याचा पाय पट्टीतून निसटला आणि गाडी फाटकातच गचका खाऊन बंद पडली. मागं सात ट्रकांचे हॉर्न वाजायला लागले आणि सगळी पोरं खदखदा हसली. "हँसो, हँसो," राजानंद म्हणाला, "गाडी चालू होने तक हँस लो." मांडीवर जोर देऊन त्यानं क्लच पुन्हा खाली दाबला.